झाडून दिलेले रान

आमच्या गावाच्या उत्तरेला, गायरानात, सौर वीज प्रकल्पाच्या फाटकाशेजारी एक निळा फलक उभा आहे. प्रकल्पाची सर्व माहिती देऊन झाल्यावर शेवटच्या ओळीत असे नमूद केले आहे की, सदर प्रकल्प गावाच्या पडीक जमिनीवर उभारण्यात आला. हे विधान असत्य आहे. माझी उभी नोकरी पाथरीच्या न्यायालयात कारकुनी करण्यात गेली. असत्य आणि अपुरे सत्य यांतला फरक मला कळतो, आणि तो कळत असूनही मी येथे असत्य हाच शब्द वापरतो. त्या जमिनीत पावसाळ्यात सोयाबीन आणि हिवाळ्यात ज्वारी पिकत होती. तिच्यावर आमच्या गावातल्या बौद्ध वस्तीतली घरे दोन पिढ्या जगली.

फलकाबाबतच्या माझ्या अर्जांना उत्तर यायचे तेव्हा येईल. तोवर ज्या बाईंनी हा प्रकल्प गावात आणला आणि ज्यांचे नाव त्या फलकावर कोठेही नाही, त्यांच्याविषयी लिहून ठेवणे मला माझे कर्तव्य वाटते. पंचफुलाबाई आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. गेल्या हिवाळ्यात त्या एका साखर कारखान्याजवळ, ऊसतोड मजुरांच्या पालात वारल्या. ही दोन वाक्ये एकाच बाईच्या आयुष्यात शेजारी शेजारी कशी येऊ शकतात, असे मला परगावचे लोक विचारतात. त्याचे उत्तर एका अर्जाच्या मायन्यात बसत नाही.

बाई बुटक्या होत्या, आवाजाने मात्र उंच. पांढरे सुती लुगडे, त्याला निळा काठ, आणि खांद्याला कापडी पिशवी. या वेषाखेरीज मी त्यांना पाहिल्याचे स्मरत नाही. कोठेही गेल्या की आधी जागा झाडायच्या, मग बसायच्या. शाळेत शिपाई होता, तरी पटांगण त्यांच्या हातच्या खराट्याने झाडून निघायचे. विहाराचे अंगण त्यांचे, वस्तीतला हापसा आणि त्याच्याभोवतीचा चिखलही त्यांचाच. आमच्या घरी कागदपत्रांसाठी आल्या की ओसरीवर टेकण्याआधी त्यांची नजर कोपऱ्यातल्या केरसुणीकडे जायची आणि माझी पत्नी ती लगबगीने उचलून आत न्यायची. एकदा मी थट्टेने म्हणालो की बाई, तुम्ही स्मशानातही आधी झाडूनच घ्याल. त्या हसल्या नाहीत.

"नाना," त्या म्हणाल्या, "तुमचं अंगण घाण असलं तर लोक म्हणतेत, आज झाडायचं राहिलं. आमचं असलं तर म्हणतेत, ह्यांचं असंच असतंय. आपल्याकडं बोट दाखवायला जागा ठिवायची न्हाई."

आपल्याच गावच्या शाळेत, वस्तीतून आलेली पहिली शिक्षिका म्हणून त्या रुजू झाल्या तेव्हा वरच्या आळीतले लोक वर्गात डोकावून काय काय तपासून जात, ते मी पाहिलेले आहे. तपासणाऱ्यांच्या नातवंडांना पुढे बाईंनीच पाढे शिकवले.

त्या नातवंडांपैकी एक म्हणजे आमचे आताचे सरपंच बाळासाहेब. एका ग्रामसभेला तालुक्याहून अधिकारी आले होते. बाळासाहेब खिशात हात घालून ऐटीत भाषण करत असताना मागच्या रांगेतून बाईंनी त्यांना हात बाहेर काढायला सांगितले, तेही बाळ्या अशी हाक मारून. सरपंचांचे दोन्ही हात आपोआप बाहेर आले आणि पाठीमागे जाऊन बांधले गेले. सभा खो खो हसली. बाळासाहेब हा प्रसंग स्वतःच सगळीकडे सांगत असत, आणि म्हणत की बाईंपुढं मी सरपंच न्हाई, अजून तिसरीतच हाय.

बाईंनी लग्न केले नाही. आई लवकर गेल्यामुळे धाकट्या भावाला, साहेबरावाला, त्यांनीच वाढवले. तो शाळेत फारसा रमला नाही. वरच्या आळीतल्या एका बागायतदाराकडे तो सालगडी म्हणून राहिला. शेतीची वीज त्या काळी पाळीने यायची, आठवड्यातले काही दिवस उजेडात आणि उरलेले रात्री. रात्रीच्या पाळीला गव्हाला पाणी द्यायला गेलेल्या साहेबरावाला साप चावला. परभणीच्या दवाखान्यापर्यंत तो पोचला नाही. सकाळी लोक पाहायला गेले तेव्हा बांधावर त्याची बॅटरी अजून पेटलेलीच होती, असे सांगतात.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर बाई माझ्याकडे आल्या. रडून झालेले होते. त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"शेताला वीज रातची द्यायची, हे कोण ठरवतं, नाना? त्या माणसाचं नाव सांगा."

मी त्यांना समजावून सांगितले की हे कोणी एक माणूस ठरवत नाही. विजेची मागणी, पुरवठा, वेळापत्रक अशी ती सगळी व्यवस्था असते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, "मग ज्याला नाव न्हाई, त्याला पत्र कसं लिहायचं?"

पत्रे मी लिहिली. बाईंनी दुसरा मार्ग धरला. त्या दिवसापासून प्रत्येक ग्रामसभेत त्या उभ्या राहून एकच प्रश्न विचारू लागल्या, शेताला दिवसा वीज कधी. पुढे पुढे ग्रामसेवक तो प्रश्न त्या उभ्या राहण्याआधीच लिहून घेई. काही जण कंटाळले. एका सभेत वरच्या आळीतल्या एकाने टोमणा मारला, की बाई, तुमच्या वस्तीत एकाची तरी मोटार हाय का, दिवसा वीज येऊन तुमचं काय भिजणार. बाई त्याच्याकडे वळल्या.

"मोटार तुमची हाय. रातच्याला चालू करायला जातंय ते माणूस आमचं हाय."



गावाजवळ सौर पट्ट्या बसवून त्यांची वीज थेट शेतीच्या वाहिनीला दिवसा द्यायची, अशी योजना आल्याचे कळले तेव्हा बाई निवृत्त झालेल्या होत्या. मी येथे स्पष्ट करतो की मी सौर विजेच्या विरोधात नाही. आमच्या जिल्ह्यात ऊन ही एकच गोष्ट अशी आहे जी मागावी लागत नाही. आज मानवतच्या बाजूला निघालात तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेताशेतात चमकणाऱ्या पट्ट्या दिसतात, आणि माझ्या वडिलांनी आयुष्यभर ज्या पाळीचा जाच सोसला ती पाळी उठली, ही मोठीच गोष्ट आहे. तिचे श्रेय ज्यांचे त्यांना मिळावे. माझी तक्रार ती कोणाच्या जागेवर आणि कशी आली, एवढ्यापुरती आहे, आणि ती मी मागे घेणार नाही.

कंपनीचा एक तरुण इंजिनिअर जीपमधून नमुन्याची पट्टी घेऊन आला. त्या दिवशीच्या बाई मी विसरू शकत नाही. सत्तरीकडे झुकलेल्या या बाईने मुलांना बाजूला सारून पट्टीवर तळहात ठेवला, तापलंय की, म्हणून झटकन काढला आणि पुन्हा ठेवला. हिला आवाज येतो का, धूर येतो का, ढग आले तर काय, असे एकामागून एक प्रश्न त्यांनी विचारले. आवाज नाही आणि धूरही नाही, असे त्याने सांगितल्यावर त्या आपल्या भावजयीकडे वळून म्हणाल्या, "बघ गं वत्सला, तुझ्यावानीच हाय. बोलतबी न्हाई अन् दिवसभर राबतंय." वत्सला, साहेबरावाची विधवा, अत्यंत अबोल बाई, तीही त्या दिवशी पदर तोंडाला लावून हसली.

प्रकल्पाला जागा हवी होती आणि गावाकडे जागा म्हणजे गायरान. गायरान ही सरकारच्या मालकीची, गावच्या गुरांसाठी राखलेली जमीन. तिचा एक भाग वस्तीतल्या भूमिहीन घरांनी फार पूर्वी दगड वेचून, काटे काढून वहितीला आणला होता. कायद्याच्या भाषेत ते अतिक्रमण. परंतु ठरावीक तारखेआधीचे असे ताबे नियमित करून द्यावेत हेही सरकारनेच सांगितलेले आहे. वस्तीचे अर्ज त्यासाठी वर्षानुवर्षे पडून होते. अतिक्रमणाचा दंड भरल्याच्या पावत्या प्रत्येक घराने डब्यात जपल्या होत्या, कारण ताबा असल्याचा तोच एक पुरावा. सगळ्यात चांगला तुकडा साहेबरावाचा होता. त्याच्या मागे तो वत्सला कसत होती.

प्रकल्पाची बातमी लागताच वस्तीत धास्ती पसरली. लिंबाजी आबा म्हणून वस्तीतले सर्वांत वृद्ध गृहस्थ होते. ते बाईंना म्हणाले की गायरानाला एकदा सरकारचा हात लागला की आमचं गेलं समजा. बाई घरोघर फिरल्या. सूर्य काही वरल्या आळीचा पाहुणा न्हाई, तो वस्तीवरबी येतो, असे त्या हसत सांगायच्या. दिवसा वीज आली तर रात्री पाण्यावर जाणे संपेल, आणि आपली रानं सोडून गायरानात मोकळी जागा भरपूर आहे. त्यांनी नुसते तोंडी सांगितले नाही. प्रत्यक्ष वहितीखाली असलेले क्षेत्र वगळून जागा देण्यात यावी, असे शब्द त्यांनी ग्रामसभेच्या ठरावात लिहून घेतले आणि ते मोठ्याने वाचून दाखवायला लावले. मगच वस्तीतले हात वर झाले. लिंबाजी आबांनी सर्वांत शेवटी हात वर केला, बाईंच्या तोंडाकडे पाहत.

त्या वर्षी वस्तीने गायरानात सगळीकडे सोयाबीनच पेरले होते. दसऱ्याला वस्ती नागपूरला दीक्षाभूमीवर जाते. दरवर्षी काही घरे मागे राहत, कारण तेच दिवस सोयाबीन काढणीचे. त्या वर्षी बाईंनी ठरवले की सगळे जायचे, एकही घर मागे राहायचे नाही. वत्सलाने दीक्षाभूमी अजून पाहिलीच नव्हती. म्हणून काढणी आधी उरकायची. सगळी घरे एकमेकांच्या रानात उतरली. सोयाबीन निघाले, मळणीयंत्रातून गेले, पोती मानवतच्या बाजाराला पोचली. इतरांचे काम येथे संपले असते. बाईंचे संपले नाही. भुसकट रानात सांडून ठेवून बाबासाहेबांच्या दर्शनाला जायचे, हे त्यांच्या मनाला पटणारे नव्हते. त्यांनी बायकांना घेऊन भुसकट गोळा करून घराघरांत शेळ्यांसाठी नेऊन टाकले, धसकटे वेचली, काटक्या उचलल्या आणि खळ्याची जागा झाडून घेतली. मी त्या बाजूने जात होतो. रान असे दिसत होते, जणू त्यात कधी काही उगवलेच नव्हते. बाई कमरेवर हात ठेवून ते पाहत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते.

दुसऱ्या दिवशी वस्ती टेम्पोतून परभणीला गेली आणि तेथून रेल्वेने नागपूरला. आणि त्यानंतर लगेच, वस्तीत कुत्र्यांखेरीज कोणी नसताना, जागेच्या पाहणीचे पथक गावात आले.

ते त्याच दिवशी का आले, हा प्रश्न मी आजवर पाच कार्यालयांना लेखी विचारला आहे. पाहणीची आगाऊ सूचना कोणाला दिली, हेही विचारले आहे. पंचनाम्यात असे लिहिले गेले की सदर क्षेत्र मोकळे व पडीक आढळले, त्यात कोणाचेही पीक किंवा ताबा दिसून आला नाही, व हरकत घेण्यास कोणीही उपस्थित नव्हते. त्यातले प्रत्येक वाक्य त्या दिवसापुरते खरे होते, आणि माझा संताप नेमका यावरच आहे. दंडाच्या पावत्या त्यांच्याच दप्तरात होत्या. ज्या हाताने दंड घेतला त्याच हाताने कोणी नव्हते असे लिहिले.

वस्ती परतली ती आनंदात. गळ्यात निळे रुमाल, हातात पुस्तके आणि तसबिरी. गायरानात चुन्याच्या पांढऱ्या रेघा आणि खुंट्या पाहून मुले त्यांवर उड्या मारू लागली. बाईंनी रेघा पाहिल्या आणि सर्वांना थांबवून दाखवले की बघा, आपली रानं सोडून हद्द आखली. चौकोन चौकोन आखले होते. एकेका घराच्या तुकड्याएवढे ते चौकोन आहेत असे बाईंना वाटले. वत्सलाने आपला चौकोन शोधला आणि त्यात जाऊन उभी राहिली. मला हे दुसऱ्या दिवशी समजले, आणि मी नकाशा मागवला. ते चौकोन पट्ट्यांच्या रांगांचे होते. वगळलेले काहीही नव्हते.

वस्तीने हरकत नोंदवली. सुनावणी लागली. वस्तीच्या वतीने बोलायला बाईंना नेमले. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. वकील नसलो तरी कागद हाती द्यायला मला मनाई नव्हती. मी पावत्या क्रमाने लावल्या होत्या. ज्याचा ताबा काढायचा त्याला आधी ऐकून घेतले पाहिजे, हे कायद्याचे मूळ तत्त्व मी लिहून दिले होते. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी पावत्या बाजूला सारल्या. पाहणीच्या दिवशी रानात पीक उभे होते की नव्हते, एवढेच सांगा, असे ते म्हणाले.

मी बाईंच्या कानाशी लागून सांगितले की उत्तर देऊ नका, आधी आमचे म्हणणे नोंदवून घ्या म्हणा. बाई उभ्या राहिल्या. वर्गात पोर उत्तर द्यायला उभे राहते तशा, हात सरळ.

"न्हवतं," त्या म्हणाल्या. "सगळं काढून आमी नागपूरला गेलो होतो. मीच काढायला लावलं. मीच रान झाडून दिलं."

पीक नव्हते असे हरकतदारांना मान्य आहे, एवढे नोंदवले गेले. पुढची वाक्ये नोंदवा असा मी आग्रह धरला. साहेब म्हणाले की विचारले होते तेवढेच घेतले आहे. मी उभा राहिलो, बोललो, आणि मला बाहेर बसायला सांगण्यात आले.

कार्यालयाबाहेरच्या लिंबाखाली मी बाईंवर चिडलो. मला आठवत नाही, एवढे म्हटले असते तरी प्रकरण पुढे नेता आले असते, असे मी त्यांना बोललो. त्यांनी पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"पण मला आठवत होतं, नाना."

दिवाळीनंतर जेसीबी आला. बांध सपाट झाले, वत्सलाच्या रानातले बोरीचे झाड मुळासकट निघाले. वस्तीतले लोक एका बाजूला उभे राहून पाहत होते. कोणी बाईंना दोष दिला नाही. लिंबाजी आबांनी तर त्यांना बसायला आपली घोंगडी टाकली. त्यांनी दोष दिला असता तर बाईंना सोपे गेले असते, असे मला वाटते. वत्सला, जी कधी बोलत नसे, ती मात्र ते झाड पडल्यावर बोलली. आवाज चढवला नाही.

"बाई, तुमच्या भावाला रातीनं खाल्लं. आता त्याच्या लेकरायचं रान दिवसानं खाल्लं."

बाईंनी तिच्याकडे पाहिले. मग त्या खाली मान घालून त्या माणसांमधून घराकडे चालत गेल्या, आणि त्यांना कोणी अडवले नाही.

प्रकल्प उभा राहिला. पट्ट्या रांगेने सूर्याकडे तोंड करून बसल्या आणि एके दिवशी सकाळी उजेडातच गावच्या मोटारी सुरू झाल्या. माझीही सुरू झाली. मी पत्रे लिहीत होतो आणि माझ्या उसाला दिवसा पाणी मिळत होते. हे दोन्ही खरे आहे आणि मी ते लपवत नाही. गावाने समारंभ ठेवला. बाळासाहेब शाल आणि नारळ घेऊन स्वतः बाईंना बोलवायला गेले. बाईंनी त्यांना पाणी दिले आणि सांगितले की बाळ्या, शाल वत्सलाला दे, रान तिचं गेलंय. माझ्या हातात काय होतं बाई, असे काहीसे बाळासाहेब म्हणाले, असे शेजारचे सांगतात. बाई त्यांना रागावल्या नाहीत. त्यांनी कोणालाच रागावणे सोडून दिले होते. ग्रामसभेलाही त्या पुन्हा गेल्या नाहीत.

आपल्या पेन्शनवर दोन्ही घरे चालतील, असे बाईंनी वत्सलाला परोपरीने सांगितले. वत्सलाने ऐकले नाही. आपल्या रानातले खाल्लेल्या बाईला दुसऱ्याच्या ताटात जेवणे जड जाते, आणि ते तिने बोलून दाखवले नाही, फक्त ऊसतोडीच्या मुकादमाकडे आपले आणि थोरल्या मुलाचे नाव देऊन आली. प्रश्न उरला तो तिच्या धाकट्या मुलीचा, सोनालीचा. ती तिसरीत होती. टोळीबरोबर गेलेल्या पोरांची शाळा सुटते ती कायमची, हे बाईंनी नोकरीत पुष्कळ पाहिले होते. पोरीला माझ्यापाशी ठेव, असे त्या म्हणाल्या. मुलगी आईला सोडायला तयार होईना, आणि आईही मुलीला.

मग बाईंनी आपल्या घराला कुलूप लावले आणि टोळीबरोबर जायचे ठरवले. मी त्यांना विरोध केला. हे वय आहे का, पालात थंडी किती असते, तुमचा तेथे काय उपयोग, असे सगळे मी म्हणालो. त्यांनी एवढेच सांगितले की पोरीची तिसरी बुडू द्यायची न्हाई. मी रागाने उठून आलो.

टोळीचा ट्रक फाट्यावरून निघणार होता. मी गेलो. दुपार होती. ट्रकमध्ये भांड्यांची गाठोडी, सरपण, कोंबड्यांची डालगी, बांधलेल्या ताडपत्र्या, आणि त्या सगळ्याच्या वर वळकटीला टेकून बाई बसल्या होत्या. वत्सला केबिनपाशी मुलाबरोबर. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली. सोनाली बाईंच्या मांडीशी होती आणि तिच्या हातात पाटी होती. मी ट्रकच्या फळीला धरून बाईंना सांगितले की मी वरच्या अधिकाऱ्यांकडे अपील दाखल केले आहे, मुदतीत केले आहे, पोच घेतली आहे. सुनावणी लागली की तुम्हाला निरोप पाठवीन. त्यांनी आदराने ऐकून घेतले, जसे त्या नेहमी ऐकत. मग रस्त्यापलीकडे, माझ्या शेताच्या दिशेने पाहिले.

"नाना, तुमची मोटार चालू हाय का?"

चालू आहे, मी म्हणालो.

"आता? ह्या उन्हात?"

"हो. आता."

"पाण्यावर कोण हाय?"

मी सांगितले की लिंबाजी आबांचा नातू आहे. सकाळी आला आहे, दिवस मावळायच्या आत घरी जाईल.

बाईंनी डोळ्यांवर हात धरून तिकडे पाहिले. इतक्या दुरून तो पोरगा त्यांना दिसणे शक्य नव्हते.

"मग चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "लय चांगलं झालं."

ट्रक सुरू झाला. मला आणखी काही सांगायचे होते, पण इंजिनाच्या आवाजात ते राहून गेले. ट्रक फाट्यावर वळला तेव्हा ऊन नेमके मागच्या बाजूने आत आले. बाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. सोनालीच्या तोंडावर ऊन पडले होते. त्यांनी तिला ओढून आपल्या सावलीत घेतले, आणि तिच्या पाटीवर काही तरी लिहू लागल्या.